चौदातला ‘एक’ म्हणजे किती?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा पहिलीत, सेमी-इंग्रजी शाळेत. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. आजोबा रोज संध्याकाळी पाटीवर अकरा ते वीस लिहून घेतात. तरी ‘चौदा लिही’ म्हटलं की कधी १४ लिहितो, कधी ४१. वहीत मात्र ‘१४ = १ दशक ४ एकक’ दरवेळी बरोबर. परवा आईने सहज विचारलं, ‘यातलं एक दशक म्हणजे किती रे?’ तर म्हणाला, ‘एक.’ शाळेतल्या बाई म्हणतात सरावाने येईल. आईला विचारायचंय, खरंच येईल का, आणि घरी काय करायचं?

मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. त्यामुळे हा मुलगा मला ओळखीचा वाटतो. दरवर्षी वर्गात असे पाच-सहा असायचेच. बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. ४१ लिहिणं सरावाने जाईल. पण ‘एक दशक म्हणजे एक’ हे सरावाने जाणार नाही, उलट पक्कं होईल, कारण वहीत तेच लिहून त्याला रोज बरोबरची खूण मिळते आहे. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि तुम्ही घाबरला आहात ती पहिलीला. मला काळजी वाटते ती दुसरीची.

आधी ४१ चं बघू. मूल ऐकतं ‘चौ-दा’. कानावर आधी चार पडतो, म्हणून हात आधी ४ लिहितो. म्हणजे त्याने नीट ऐकलंय! दोष असलाच तर आपल्या संख्यानामांचा आहे. लिहिताना आपण दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो. तेवीस, पंचवीस, छत्तीस, सत्तेचाळीस, नव्याण्णवपर्यंत हीच तऱ्हा. इंग्रजीतही ‘फोर्टीन’मध्ये चार आधीच येतो, पण ‘ट्वेंटी-वन’पासून इंग्रजीची गाडी रुळावर येते. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला शाळेत एक क्रम आणि घरी आजोबांकडे दुसरा, असं दोन्ही सांभाळावं लागतं. भरीला अंकांची गंमत आहे: मराठी एक आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात, मराठी तीन आणि सहा एकमेकांची आरशातली रूपं. तेव्हा आजोबा पाटीवर मराठी अंक लिहून घेत असतील आणि शाळेत इंग्रजी चालत असतील, तर निदान या वर्षापुरतं दोघांनी एक ठरवा. माझ्या अनुभवात उलटे अंक दुसरीच्या दिवाळीपर्यंत बहुतेकांचे सरळ होतात.

अकरा ते एकोणीस ही नावं तर आणखीच आडमुठी. तेवीसमध्ये निदान ‘वीस’ ऐकू येतो. चौदामध्ये ‘दहा’ कुठे आहे? आहे, पण झिजून गेलाय. संस्कृतातला चतुर्दश झिजत झिजत चौदा झाला, षोडशचा सोळा झाला आणि एकादश, द्वादश, त्रयोदश यांचे अकरा, बारा, तेरा. त्या शेवटच्या ‘रा’मध्ये एके काळी दहा होता हे सहा वर्षांच्या मुलाला कसं कळावं? मोठ्यांनाही कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आजोबा घरात आहेतच, तर त्यांना एक काम देता येईल. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी ही नावं मुलाच्या कानावर असतात; आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी तर नक्कीच. ‘एका-दशी म्हणजे एक आणि दहा, अकरावी तिथी’ हे मुलांना फार आवडतं. यातून स्थानिक किंमत कळते असं नाही. पण नावाच्या पोटात काहीतरी लपलंय, एवढी शंका पेरली जाते.

माझी पहिली काही वर्षं अक्कलकोट तालुक्यात गेली. शाळा मराठी, पण बऱ्याच मुलांच्या घरी कानडी. एक मुलगा चौदावर अडखळला की तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, ‘हदिनाल्कु’, आणि लगेच १४ लिहायचा. मी वर्षभर त्याला ‘मराठीत बोल’ म्हणून दटावत होते. पुढे एका सहकाऱ्याने समजावलं की हत्तु म्हणजे दहा, नाल्कु म्हणजे चार, आणि हदिनाल्कु म्हणजे सरळ ‘दहा-चार’. पुढे इप्पत्तोंदु म्हणजे ‘वीस-एक’. त्याची भाषा त्याला उत्तर सांगत होती आणि मी ती बंद करायला बघत होते. आजही आठवलं की ओशाळायला होतं.

‘वीस एक’ म्हटल्यावर २०१९ चा गदारोळ आठवला असेल. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीससोबत ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरूनही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असली जोडाक्षरांची नावं मुलांना जड जातात, दक्षिणेकडच्या भाषांत सरळ पद्धत आहेच, आणि आपणही ती शिकवण्यापुरती वापरू शकतो. माझं मत विचाराल तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी आधीपासूनच वर्गात दोन्ही नावं वापरत होते, फक्त कुणाला सांगत नव्हते. आणि कुणीही ‘पंचवीस’ विसरलं नाही. पण त्या बदलाचा मुख्य भर एकवीसच्या पुढे होता. अकरा ते एकोणीसचा गुंता ज्याच्या-त्याच्या वर्गात तसाच राहिला.

आता दुसरी चूक, म्हणजे खरा प्रश्न. आज रात्री एक करून बघा. चौदा चिंचोके किंवा शेंगदाणे मुलाकडूनच मोजून घ्या. कागदावर त्याला १४ लिहू द्या. मग ४ वर बोट ठेवा: ‘हा जो आहे ना, त्याच्याएवढे चिंचोके दाखव.’ चार बाजूला काढेल. मग १ वर बोट ठेवा: ‘आणि याच्याएवढे?’ बरीच मुलं एकच चिंचोका उचलतात. नऊ चिंचोके मध्ये तसेच पडून असतात आणि मुलाला त्यात काही खटकत नाही. कॉन्स्टन्स कामी या संशोधिकेने १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांना सोळा चकत्या देऊन हेच विचारलं होतं, आणि वहीत सगळं बरोबर सोडवणारी मुलंसुद्धा एकच चकती दाखवत होती. तेव्हा तुमचा मुलगा मागे आहे असं मुळीच समजू नका. तो वयाप्रमाणेच चाललाय. फक्त त्याच्या वहीतलं ‘१ दशक’ हे वाक्य गणित नाही, ती जागा भरण्याची युक्ती आहे. डावीकडच्या अंकापुढे ‘दशक’ लिहायचं, उजवीकडच्यापुढे ‘एकक’. कुणी कुठलीही संख्या दिली तरी मलाही ते अर्थ न समजता करता येईल.

पुढचं काही सांगण्याआधी, काही गोष्टी तुमच्या प्रश्नातून मला कळत नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. शंभरपर्यंत म्हणतो हे ठीक, पण मोजतो का? वीस शेंगदाणे पसरले तर एकेकाला एकदाच बोट लावून वीसवर थांबतो का, की तोंड पुढे आणि बोट मागे? पाच बोटं एका नजरेत पाच म्हणून ओळखतो, की दरवेळी एकपासून मोजतो? सातचे दहा व्हायला किती कमी, हे बोटांवर तरी सांगतो का? यातलं काही डळमळीत असेल तर दशक विसरा. दोन महिने दहाच्या आतच खेळा, त्यात काही कमीपणा नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या, लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांतही पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत वाचन-लेखन अपेक्षित आहे. म्हणजे वेळ आहे. आणि पुढचं सगळं मोजता येणाऱ्या मुलाला धरून सांगते आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मी काय करत होते तेही सांगते, कारण बहुतेक घरांत आणि बऱ्याच वर्गांत आजही तेच चालतं. ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, एकावर तीन तेरा.’ वर्ग दणाणून जायचा. साहेब तपासणीला आले की खूश. ही उजळणी अंक लिहायला उत्तम आहे, मी तिची टिंगल करत नाही; ४१ ची चूक तिने जातेही. पण ती कानाला काय सांगते बघा: एकाच्या शेजारी चार मांडला की चौदा होतो. म्हणजे घराचा नंबर सांगितल्यासारखं. त्या ‘एका’त दहा बसलेत हे तिच्यात कुठेच नाही. त्यावर मी फळ्यावर दोन रकाने आखायचे, द आणि ए, आणि कपाटातले तयार गठ्ठे काढायचे. ते मीच सुट्टीत बसून बांधलेले, दहा-दहा काड्यांचे, नीटनेटके. मुलांच्या लेखी तो गठ्ठा म्हणजे एक जाड काडी होती! एका मुलीला मी विचारलं, ‘या गठ्ठ्यात किती काड्या?’ तिने उलटून-पालटून बघितलं आणि म्हणाली, ‘बाई, सोडून बघू का?’ तिला मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं. साहजिक आहे, बांधताना मोजल्या होत्या मी. तिने नाही.

त्या दिवसापासून एक नियम केला: गठ्ठा ज्याचा त्याने बांधायचा. आणि दुसरी गोष्ट कळायला मला आणखी दोन-तीन वर्षं लागली. तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर तीच आहे.

स्थानिक किंमत अकरा ते एकोणीसमध्ये सुरू करू नका.

पुस्तकाचा क्रम अकरापासूनच असतो, म्हणून हे विचित्र वाटेल. पण चौदात दशक एकच आहे. ‘किती गठ्ठे?’ एक. ‘कुठला अंक?’ एक. ‘किती दशक?’ एक. मुलाने सगळीकडे ‘एक’ म्हटलं तर त्याला कळलंय की नाही हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, आणि त्यालाही नाही. शिवाय चौदा वस्तू एका दमात मोजून होतात. त्यासाठी गठ्ठे कशाला बांधायचे? मुलाला गरजच वाटत नाही, तो आपल्या समाधानासाठी बांधतो. गरज वाटते ती ढीग मोठा झाल्यावर. आणि अंक तीन असून वस्तू तीस आहेत, हे ३४ मध्ये डोळ्यांना खटकतं. १४ मध्ये खटकत नाही.

म्हणून मी अकरा ते वीसची नावं, मोजणं, लिहिणं नेहमीसारखं चालू ठेवते. फक्त ‘दशक’ हा शब्द तिथे काढत नाही. आणि एका दिवशी चाळीसच्या आसपास वस्तूंचा ढीग ओतते.

घरी खराट्याच्या काड्या तोडून घ्या, किंवा आइस्क्रीमच्या काड्या. चिंचोकेही चालतील, पण ते बांधता येत नाहीत, वाटीत भरावे लागतात. समजा ३७ काड्या आहेत. आधी अंदाज विचारा. ‘शंभर’ म्हणेल, म्हणू दे. मग मोजायला सांगा आणि मध्येच त्याला काहीतरी विचारा, ‘पाणी पिणार का?’ मोजलेलं विसरणार. पुन्हा. पुन्हा विसरणार. (यात थोडा दुष्टपणा आहे, मान्य.) मग विचारा, ‘पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू नये म्हणून काय करू या?’ इथे उत्तर देऊ नका. माझ्या वर्गातली मुलं पाच-पाचचे ढीग करायची, कुणी दोन-दोनचे, एकाने डझन म्हणून बाराचे केले, कारण त्याचे वडील केळी विकायचे. सगळं चालतं. एक-दोन दिवस तसंच मोजू द्यायचं. मग ‘आपल्या दोन हातांची बोटं जितकी तितक्यांचा एक’ असं ठरवायचं आणि रबर लावायचं. साधी रबरं आठवड्यात तुटतात. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापून ठेवायचे, त्या वर्षानुवर्षं टिकतात.

आता मोजणी ऐका. ‘दहा, वीस, तीस… एकतीस, बत्तीस, तेहतीस…’ तीसवरून एकतीसवर उतरताना जो क्षणभराचा थांबा येतो ना, सगळं तिथे घडतं. काही मुलं ‘दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास’ म्हणत सुट्या काड्यांनाही दहाच समजतात. तसं झालं तर रागवायचं नाही, एक सुटी काडी आणि एक गठ्ठा शेजारी धरायचे आणि विचारायचं, ‘दोन्ही सारखेच का?’

बोलताना पहिले काही दिवस ‘दशक-एकक’ नाहीच. ‘तीन गठ्ठे आणि सात सुट्या.’ ‘सुटे’ हा शब्द मुलांना पैशांमुळे आधीच माहीत असतो. दशक हे त्या गठ्ठ्याचं शाळेतलं नाव आहे, एवढं नंतर सांगितलं की पुरतं. मी आधी नाव सांगून मग वस्तू दाखवली तेव्हा नाव उरलं आणि वस्तू गेली.

मग एक संख्या आणि तिची उलटी अशी जोडी मांडून घ्यायची. ३४ आणि ४३. दोन्हींत ३ आहे, दोन्हींत ४ आहे, पण एकीकडे गठ्ठे तीन आणि दुसरीकडे चार. आणि इथेच तुमच्या ४१ चा समाचार घेता येतो. त्याने चौदाला ४१ लिहिलं की ‘चूक’ म्हणू नका. ‘बरं, जे लिहिलंयस ते काड्यांनी मांड’ म्हणा. चार गठ्ठे लावता लावता बरीच मुलं स्वतःच हसायला लागतात. इतके कुठे होते! आपण दहा वेळा खोडून लिहायला लावण्यापेक्षा हे एक हसू जास्त काम करतं.

आठ-दहा दिवस असं खेळून झालं की चौदाकडे परत यायचं. आता काड्यांऐवजी मी वेगळी वस्तू घेते. अंड्यांचा तीसचा ट्रे असतो ना, पाच बाय सहाचा? तो कापला की दोन-दोन ओळींचे तीन तुकडे होतात, प्रत्येकात दहा खळगे, वर पाच खाली पाच. अंडी न खाणाऱ्या घरांनी पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखले तरी तेच. यात चिंचोके ठेवायचे. चौदा म्हणजे एक तुकडा भरला आणि चार बाहेर उरले. ‘दहा आणि चार, चौदा.’ दोन्ही नावं जोडीने, गाण्यासारखी: दहा-एक अकरा, दहा-दोन बारा, दहा-तीन तेरा. शाळेत इंग्रजीत चालतं म्हणून शेवटी ‘फोर्टीन’ जोडलंत तरी हरकत नाही.

आणि मग बारकाईने बघा: भरलेला तुकडा समोर असताना तो पुन्हा एकपासून मोजतो, की ‘दहा’ म्हणून पुढे अकरा, बारा, तेरा, चौदा? एकपासून मोजत असेल तर त्याला तो तुकडा अजून दहा वाटत नाही, दहा सुटे वाटतात. त्याला आणखी वेळ द्या. ज्या दिवशी तो न मोजता भरल्या तुकड्यावर हात ठेवून ‘दहा’ म्हणेल, तो दिवस वहीतल्या शंभर बरोबर खुणांपेक्षा मोठा.

माझ्या ओळखीतले काही चांगले शिक्षक मात्र या क्रमाशी सहमत नाहीत. ते म्हणतात, आधी वीसच्या आत या चौकटींवरच पक्कं करा, मग मोठ्या ढिगाकडे जा. ज्या मुलांची नजर पाच आणि पाच मिळून दहा हे पटकन टिपते, त्यांच्या बाबतीत तेही चालतं. मी माझा क्रम धरते, कारण मला भेटलेल्या बहुतेक मुलांना मोठा ढीग बघूनच गठ्ठ्याची गरज कळली. तुमचा मुलगा यातल्या कुठल्या गटात बसतो हे तुम्हालाच बघावं लागेल.

जोडीने नावं घेण्यात एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवते. ‘दहा-चार’ ऐकून काही मुलं १०४ लिहितात. ऐकलं तसं लिहिलं, पुन्हा तेच! यावर पत्ते करा. एका लांब पत्त्यावर १०, तसेच २०, ३०, आणि अर्ध्या लांबीच्या पत्त्यांवर १ ते ९. चौदा करताना ४ चा पत्ता १० मधल्या शून्यावर ठेवायचा. शून्य झाकलं जातं, १४ दिसतं. उचलला की खाली १० तसाच. मुलं हे शंभर वेळा उचलून-झाकून बघतात. ‘यातला १ म्हणजे किती?’ या प्रश्नाला यानंतर ‘दहा’ हे उत्तर आपोआप येतं, कारण त्याने ते झाकताना बघितलेलं असतं.

एकोणीस वेगळा काढून ठेवा. दहा-नऊ एकोणीस असं चालवता येतं, पण हा शब्द मुळात वजाबाकी आहे: एक, ऊन म्हणजे कमी, आणि वीस. आपल्या भाषेत २९, ३९, ४९ पासून ८९ पर्यंत हीच रीत आहे; ९९ लाच तेवढं नव्याण्णव म्हणतो, ‘एकोणशंभर’ नाही. म्हणून एकोणतीस ऐकलं की मूल तीस ऐकतं आणि ३९ लिहून मोकळं होतं. ही चूक मी दुसरी-तिसरीपर्यंत बघितली आहे. अंड्याच्या ट्रेचे दोन तुकडे घ्या, एक पूर्ण भरा, दुसऱ्यात एकच खळगा रिकामा ठेवा. ‘वीस व्हायला किती कमी?’ एक. ‘म्हणून एकोण-वीस, एकोणीस.’ मग तिसरा तुकडा जोडून एकोणतीस. तीन तुकडे समोर असूनही तिसरा अजून भरलेला नाही, म्हणून तीनाला हात लावायचा नाही, २ लिहायचा. बाकीच्या नावांनी आपल्याला इतका त्रास दिला. हे एक नाव मात्र चित्रासारखं आहे, त्याचा फायदा घ्या.

साधनांबद्दल थोडक्यात. पैसे लगेच आणू नका. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते विश्वासाने मानावे लागतात. माझ्या एका विद्यार्थ्याने दहाच्या एका नोटेऐवजी रुपयाची आठ नाणी खुशीने घेतली होती, ‘ही जास्त आहेत’ म्हणून. गठ्ठे पक्के झाल्यावर पैसे छान. सापशिडी सगळ्यांच्या घरी असते, पण तिच्यातल्या ओळी नागमोडी जातात: दहाच्या वर अकरा येतो आणि चौदा येतो सातच्या वर. खेळायला खुशाल खेळा, दशक शिकायला तिचा उपयोग नाही. कॅलेंडरचंही तेच, तिथेही सातशेजारी चौदा. दहा-दहाच्या सरळ ओळींचा तक्ता घ्या, म्हणजे ४ च्या खाली १४, २४, ३४ येतात. दहा काळे दहा पांढरे अशी शंभर मण्यांची माळ मिळाली तर सगळ्यात उत्तम, ती घरी ओवलीत तर आणखी उत्तम.

हे सगळं कशासाठी, असं आजोबा नक्की विचारतील. वहीत तर बरोबर येतंय. पुढच्या वर्षी ८ + ६ येईल. ज्याला दहा दिसतो तो सहातले दोन काढून आठाचे दहा करेल आणि उरलेले चार बघून चौदा म्हणेल. ज्याला दिसत नाही तो बोटांवर मोजत राहील. मग २८ + १६ मध्ये हातचा येईल, आणि तो ‘हातचा एक’ म्हणेल, आणि पुन्हा तो एक त्याच्या लेखी एकच असेल. तिसरी-चौथीत ‘गणितात कच्चा’ म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचं मूळ शोधत गेलं की ते इथेच यायचं, चौदाच्या चिंचोक्यांपाशी.

आजोबांची पाटी बंद करू नका. नातवाबरोबर रोज बसणारा माणूस घरात आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे. लिहिणं पाच मिनिटं ठेवा, आणि पुढची दहा मिनिटं काड्या ओतून ‘अंदाज सांग’ खेळू द्या. आजोबांनी मुद्दाम चुकीचं मोजावं आणि नातवाने पकडावं, हा माझ्या वर्गात सगळ्यात चाललेला खेळ. कधी गठ्ठ्यात नऊच काड्या घालायच्या, कधी सुट्या काडीला दहा म्हणायचं. वहीतल्या ‘१ दशक ४ एकक’वर शाळेत वाद घालायला जाऊ नका, ते जसं चाललंय तसं चालू द्या. जमलं तर बाईंना सहज सांगा की घरी आम्ही काड्या बांधतो आहोत.

किती दिवस लागतील? खरं सांगायचं तर काहींना तीन आठवडे लागले, काहींना दुसरीची सहामाही उजाडली. मधूनमधून तीच चिंचोक्यांची चाचणी घ्या, पंधरा दिवसांतून एकदा, त्याहून जास्त नको. संख्या बदलत राहा, नाहीतर तो उत्तर पाठ करेल. पुन्हा एकच चिंचोका उचलला तर दुरुस्त करू नका. चार इकडे, एक तिकडे, आणि मध्ये पडलेल्या नऊंकडे बोट दाखवून एवढंच विचारा, ‘मग हे कुठे लिहिलेस?’